पहाटेची थंडी, लेट लोकल आणि न लागणारं दही: तुमचे प्रश्न

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेसेज वाचून काढले तर जवळजवळ सगळ्यांची अडचण पहाटे चार ते सकाळी आठ या वेळातलीच निघाली. ते साहजिकच आहे म्हणा, कारण आपल्याकडे थंडी दुपारी नसतेच, पुण्या-नाशकात दुपारी चांगलं अठ्ठावीस-तीस डिग्री असतं, पण रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन दिवसभराची ऊब सोडून देते आणि हे सूर्य उगवेपर्यंत चालूच राहतं, म्हणून सगळ्यात जास्त गारठा सूर्योदयाच्या आसपास पडतो. आणि नेमकं तेव्हाच पाणी तापवायचं असतं, डबे भरायचे असतात, मुलांना उठवायचं असतं, गाडी गाठायची असते. सगळ्याच पत्रांना जागा नाही पुरली, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, मी बदलापूरहून दादरला जाते. नोव्हेंबर संपला की आमची सकाळची लोकल रोज दहा-पंधरा मिनिटं लेट. पावसाळ्यात समजू शकतो, पाणी भरतं. पण थंडीत काय होतं? ऑफिसमध्ये सांगितलं तर सगळ्यांना बहाणा वाटतो.

बहाणा अजिबात नाहीये, आणि कारण एक नाही, तीन आहेत. पहिलं धुकं. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर हा सगळा उल्हास नदीच्या खोऱ्यातला पट्टा, दोन्हीकडे डोंगर, नदीची ओल, रात्री वारा पडलेला, त्यामुळे पहाटे धुकं खाली साचून राहतं आणि ऊन वर येईपर्यंत हलत नाही. मोटरमनला सिग्नल लांबून दिसत नाही, मग तो वेग कमी करतो, आणि ते त्याने करायलाच हवं. पण लोकल एकामागे एक इतक्या जवळ असतात की पुढची पाच मिनिटं रेंगाळली की मागच्या सगळ्या रेंगाळतात. त्यात कल्याणला कसाऱ्याकडून येणारी लाईन मिळते, तिकडच्या गाड्याही त्याच रांगेत.

दुसरं म्हणजे रुळाला तडा जाणं. थंडीत लोखंड आकसतं हे आपण शाळेत शिकलोय, पण किती आकसतं त्याचा अंदाज नसतो. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला आणि दुपारच्या उन्हापासून पहाटेपर्यंत त्याचं तापमान तीस डिग्रीने उतरलं तर तो साधारण फूटभर किंवा थोडा जास्तच आखूड होईल. आता रूळ वेल्डिंग करून लांबच लांब जोडलेले असतात आणि खाली स्लीपरला घट्ट आवळलेले, त्यांना आकसायला जागाच नाही, मग तो सगळा ताण रुळातच साठतो आणि जिथे वेल्डिंग कच्चं किंवा रूळ झिजलेला असेल तिथे तडा जातो, आणि तोही बहुतेक पहाटेच. म्हणून थंडीच्या रात्री ट्रॅकमन बॅटरी आणि हातोडा घेऊन रुळावरून चालत असतात, आपण पांघरुणात असतो तेव्हा ही माणसं गुडघाभर धुक्यात एकेक जोड बघत पुढे जात असतात. तडा सापडला की तिथे दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आवळून गाड्या हळू सोडतात, नंतर वेळ मिळेल तसा रुळाचा तेवढा तुकडा बदलतात. आपल्याला स्टेशनवर फक्त 'तांत्रिक कारणामुळे' एवढंच ऐकू येतं. मला वाटतं रेल्वेने ते कारण नीट सांगायला हवं, लोकांना कळलं तर लोक समजून घेतात.

तिसरं, उत्तर भारतात दाट धुकं पडलं की तिकडून येणाऱ्या मेल-एक्सप्रेस कित्येक तास लेट होतात आणि मग भलत्याच वेळी, कधीकधी ऐन गर्दीत, कल्याणला येऊन पोचतात, त्यांनाही वाट द्यावी लागते.

उपाय विचाराल तर जानेवारी संपेपर्यंत एक गाडी आधीची धरा, आणि ऑफिसात एकदाच, लेखी, दोन महिन्यांसाठी वीस-तीस मिनिटं उशिरा येऊन तेवढंच उशिरा निघायची परवानगी मागून बघा. रोज सकाळी फोन करून सांगण्यापेक्षा ते बरं. आणि एक कळकळीची विनंती, धुक्यात रूळ ओलांडू नका, पूल लांब असला तरी पुलावरूनच जा. लोकलचा आवाज ती जवळ येईपर्यंत कळत नाही आणि धुक्यात तर दिसतही नाही.

प्रश्न: आमच्याकडे बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. खिडकीतून इतकं गार वारं येतं की सासूबाईंनी तिथे पुठ्ठा लावून टाकलाय. मागच्या आठवड्यात माझा मुलगा अंघोळ करून बाहेर आला तर डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणाला. सर्दीमुळे असेल का? (पुण्याहून एक वाचक)

हे उत्तर वाचताय तर आधी उठा आणि तो पुठ्ठा काढा. खरंच. बाकीचं नंतर वाचा.

गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. छोट्याशा बाथरूममध्ये दार लावलेलं, खिडकी बंद, आणि गीझर दहा-पंधरा मिनिटं चालू, की आतला ऑक्सिजन कमी होत जातो आणि गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, म्हणजे माणसाला सावध करणारं काहीच नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं आणि दार दोन पावलांवर असूनही माणसाला कडी काढता येत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात, बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली, दार तोडलं, आणि वाचून दरवेळी जीव तुटतो कारण यातलं प्रत्येक मरण टाळता आलं असतं.

तुमच्या मुलाचं डोकं सर्दीने दुखलं असेलही, पण मी तसं समजून गप्प बसणार नाही आणि तुम्हीही बसू नका. डॉक्टरांना दाखवा आणि दाखवताना 'बाथरूममध्ये गॅस गीझर आहे आणि खिडकी बंद होती' हे आवर्जून सांगा, नाहीतर त्यांच्या ते लक्षात येईलच असं नाही.

गीझर बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या गॅलरीत बसवायचा आणि पाइपने नुसतं गरम पाणी आत आणायचं, हाच पक्का उपाय. प्लंबरचा खर्च येतो, येऊ दे, यात काटकसर नको. ते होईपर्यंत रोजचा नियम असा ठेवा की खिडकी आणि दार उघडं ठेवून आधी बादल्या भरायच्या, गीझर बंद करायचा, थोडा वेळ वारा खेळू द्यायचा आणि मग आत जाऊन अंघोळ. गीझर चालू ठेवून त्याच्याखाली शॉवर घ्यायचा नाही. एकामागे एक चार जणांनी अंघोळी उरकायच्या नाहीत. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना आतून कडी लावू देऊ नका, दार नुसतं लोटून घेतलं तरी चालतं. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून खिडकी बंद केली असं तर मुळीच नको. ज्योत निळी न दिसता पिवळी दिसायला लागली किंवा गीझरवर काजळी धरली तर तो दिवस गीझर बंद, आधी मेकॅनिक. पाइपचा गॅस असो की सिलिंडर, धोका तोच.

सासूबाईंना राग येणार नाही असं सांगा, त्यांनी नातवाला थंडी लागू नये म्हणूनच पुठ्ठा लावलाय. गार वाऱ्याचा त्रास असेल तर अंघोळीची वेळ बदला, सकाळी सातच्या ऐवजी रात्री आठला करा. आणि कुणी आत बेशुद्ध झालंच तर आधी दार उघडा, गॅस बंद करा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. पाणी मारत, कांदा हुंगवत वेळ घालवू नका.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणाऱ्यांनाही हेच सगळं लागू.

प्रश्न: थंडीत दही लागतच नाही. दूध नीट कोमट करते, विरजण तेच, तरी सकाळी वरती पाणी आणि खाली दूध. इडलीचं पीठ पण तसंच, फुगतच नाही. (सांगली)

तुमचं भांडं रात्री कुठे ठेवता? बहुतेक ओट्यावर. कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा पहाटे हात लावला तर कळेल किती गार असतो, स्टीलचं पातेलं त्यावर ठेवलं की तासाभरात त्यातली ऊब ओटा पिऊन टाकतो. दही लावणाऱ्या जिवाणूंना साधारण चाळीस-बेचाळीस डिग्री आवडतं, वीसच्या खाली गेलं की ते जवळजवळ झोपूनच जातात. म्हणजे तुमचं दूधही बरोबर, विरजणही बरोबर, जागा चुकीची.

दूध उन्हाळ्यापेक्षा थोडं जास्त गरम घ्या, बोट बुडवलं तर चांगलं ऊन लागेल पण चटका बसणार नाही असं. विरजण फ्रिजमधून काढून लगेच घालू नका, अर्धा तास आधी काढून ठेवा आणि थोडं जास्त घाला. जमलं तर मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात लावा. मग झाकण लावून जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात किंवा बंद ओव्हनमध्ये, किंवा रात्रीचा भात काढल्यावर कुकर अजून कोमट असतो, तो पुसून त्यात. एकदा ठेवलं की हलवायचं नाही, झाकण उघडून बघायचं नाही. दहा-बारा तास द्या.

इडलीचं पीठ उन्हाळ्यात रात्री वाटलं तर सकाळी तयार असतं, थंडीत ते संध्याकाळी पाचलाच वाटून ठेवा आणि भिजवतानाच मूठभर जाडे पोहे घाला. वाटायला गार पाणी नको. एवढं करूनही नाही फुगलं तर त्याचे आप्पे किंवा उत्तप्पे घाला, पीठ वाया गेलेलं नाही.

प्रश्न: खोबरेल तेल गोठतं म्हणजे ते शुद्ध असतं ना?

खोबरेल तेल चोवीस डिग्रीच्या आसपास गोठतं हा त्याचा गुणधर्म आहे, म्हणून गोठणं चांगलंच. पण नुसतं गोठलं म्हणून भेसळ नाहीच असं ठामपणे म्हणता येत नाही. निमुळत्या तोंडाच्या बाटलीतून थंडीत निघतच नाही म्हणून डिसेंबरात रुंद तोंडाच्या बरणीत ओतून ठेवा, बोटाने घ्या, तळहातावर लगेच वितळतं. टाचांच्या भेगांना मात्र मी कोकमतेल सांगेन, कोकणातून कुणी येणार असेल तर गोळा मागवून ठेवा, रात्री जरा गरम करून लावायचं आणि वर मोजे.

प्रश्न: आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. गरम पाणी यायला इतका वेळ लागतो की तीन-चार बादल्या गार पाणी वाहून जातं. जीव हळहळतो. (नाशिक)

हळहळायलाच हवं, पाणी आहे ते. टाकीत पाणी गरम असतं, पण टाकीपासून तुमच्या नळापर्यंतच्या पाइपात रात्रभर जे उभं असतं ते गार झालेलं असतं, ते सगळं बाहेर पडल्याशिवाय गरम पाणी पोचत नाही, म्हणून वरच्या मजल्यांना लवकर आणि खालच्यांना उशिरा. पहिली गोष्ट, ते पाणी सांडू देऊ नका, बादलीत धरा, फरशीला, कपड्यांना, झाडांना. दुसरी, कमिटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवरच्या उघड्या पाइपांना फोमचं आवरण घालायचा विषय काढा, फार खर्च नाही आणि फरक कळतो. बरेच ठिकाणी आवरण असतं पण उन्हाने फाटून लोंबत असतं आणि कुणी बघत नाही. नळ्यांवरची धूळही पुसायला सांगा. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, समोर नवी बिल्डिंग उभी राहिली असेल तर उन्हाळ्यात न पडणारी तिची सावली डिसेंबरात सोलरवर पडते, ते एकदा दुपारी गच्चीवर जाऊन बघाच. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी संध्याकाळी अंघोळ करा, पाणी तेव्हा सगळ्यात जास्त तापलेलं असतं.

प्रश्न: ताई, प्रश्न छोटा वाटेल. थंडीत सगळे सहा-साडेसहापर्यंत पांघरुणात आणि मी पावणेपाचला ओट्याशी. मिस्टरांचा डबा, मुलीचा डबा, सासऱ्यांचा चहा, बाजरीची भाकरी. हात इतके गार पडतात की बोटं वळत नाहीत. काही सोपं करता येईल का? (निफाड)

प्रश्न छोटा नाही. निफाडची थंडी म्हणजे महाराष्ट्रातली सगळ्यात कडक थंडी, तिकडे द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या करून धूर करतात, तिथे तुम्ही पावणेपाचला गार पाण्यात हात घालताय.

सोपं करायच्या गोष्टी आधी सांगते. भाजी रात्री चिरून ठेवा, पोळ्यांची कणिक रात्री मळून फ्रिजमध्ये, सकाळी उठल्या उठल्या बाहेर काढा म्हणजे लाटेपर्यंत सैल होते. बाजरीचं पीठ मात्र रात्री मळून चालत नाही, त्याला गव्हासारखा चिकटपणा नाही, भाकरी थापताना फुटते, ते कडकडीत पाण्यात त्या त्या वेळीच मळायचं. बाजरी दळून पण थोडीच आणा, आठ-दहा दिवसांपुरती, पुढे कडवट होते. रात्री झोपताना थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून ओट्यावर ठेवा, पहाटे पीठ मळायला आणि पहिलं भांडं विसळायला तेच घ्या, गॅस पेटायच्या आधी हाताला ऊब मिळते. ओट्यापुढे गोणपाट किंवा जुनी सतरंजी टाका, निम्मी थंडी पायातून चढते.

पण हे सगळं केलं तरी उठणार तुम्हीच, आणि खरा प्रश्न तो आहे. डबा मिस्टरांचा आहे तर डबा भरणं, पाणी तापत लावणं, चहा टाकणं हे मिस्टरांना येतंच, न येण्यासारखं त्यात काही नाही. मुलगी डबा घेऊन शाळेत-कॉलेजात जाण्याएवढी आहे तर रात्री भाजी चिरायला बसू शकते. रविवारी सगळे एकत्र बसले असताना, चिडून नाही, शांतपणे सांगा की संक्रांतीपर्यंत पहाटेचं काम दोघांचं, एक दिवस चहा आणि पाणी ते बघतील, भाकरी तुम्ही. सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही हे वाईट आहे पण बहुतेक घरात तसंच आहे. पत्रात तुम्ही 'काही सोपं करता येईल का' असं विचारलंत, 'मीच का' असं नाही विचारलंत. मला तेच वाचून जास्त वाटलं. आणि आठवड्यातून दोन दिवस डब्यात भाकरीऐवजी आदल्या रात्रीचे दशम्या-धपाटे गेले तर काहीही बिघडत नाही.

प्रश्न: २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो म्हणतात. मग जानेवारीत मुलीला स्कूलबसला सोडायला जाते तेव्हा डिसेंबरपेक्षा जास्त अंधार कसा? मला भास होतोय का? (ठाणे)

भास नाही, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे! दिवस मोठा होतो पण आधी संध्याकाळच्या बाजूने. मुंबई-ठाण्यात २२ डिसेंबरला सूर्य साधारण सात वाजून सात मिनिटांनी उगवतो आणि जानेवारीच्या मध्यात, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला, सव्वासातला. वर्षातला सगळ्यात उशिरा होणारा सूर्योदय तेव्हाचा. कारण असं की या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते (जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात) आणि त्याच्याभोवती जरा वेगाने फिरते, त्यात तिचा आस कललेला, त्यामुळे घड्याळाप्रमाणे सूर्य डोक्यावर यायची वेळ रोज जवळजवळ अर्ध्या मिनिटाने पुढे सरकत राहते. त्याबरोबर सूर्योदयही पुढे जातो आणि सूर्यास्तही. फेब्रुवारी लागला की सकाळही उजळायला लागेल. तोपर्यंत मुलीच्या दप्तराला चमकणारी पट्टी लावा, वीस-तीस रुपयांत मिळते, आणि बस येईपर्यंत रस्त्याच्या कडेला नाही, फुटपाथवर उभ्या राहा.

प्रश्न: स्कूटर सकाळी सुरूच होत नाही. नवीनच आहे. दहा-दहा वेळा सेल्फ मारते. (औरंगाबाद रोड, अहिल्यानगर)

दहा वेळा मारू नका, बॅटरी तेवढ्यातच बसते. १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस ६ गाड्यांमध्ये बहुतेक फ्युएल इंजेक्शन असतं, चोक नसतोच. चावी फिरवल्यावर बारीक 'ऊंऊं' असा पंपाचा आवाज येतो, तो थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा, मग ब्रेक दाबून, रेस न देता सेल्फ. पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका, नाही झाली तर अर्धा मिनिट थांबून परत. किक असेल तर दिवसातली पहिली सुरुवात किकनेच करा, मेन स्टँडवर लावून. रोज एक-दोन किलोमीटरच चालवत असाल तर बॅटरी पुरती चार्जच होत नाही, आठवड्यातून एकदा तरी लांब चक्कर मारा. एवढं करूनही त्रास राहिला तर वॉरंटीत आहे तोवर बॅटरी तपासून घ्या. आणि पार्किंग बंद असेल तर गाडी आत तापवत ठेवू नका, वर गीझरच्या उत्तरात जो वायू सांगितलाय तोच इथेही निघतो, बाहेर काढून मग सुरू करा.